प्रकल्प नोंदी: एकाच झाडाच्या दोन रांगा

२२ जानेवारी

सांगोल्याहून चोवीस रोपं आली. काकांच्या ओळखीच्या छोट्या टेम्पोतून, वरून ओलं गोणपाट टाकून. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीमुळे होम मैदानाच्या बाजूने येता आलं नाही. ड्रायव्हरने वळसा घातला आणि त्याचे पन्नास रुपये जास्त घेतले. खर्चाच्या वहीत लिहून ठेवले.

सगळी डाळिंबाची, भगवा जातीची, सगळी गुटीची. गेल्या जुलैत काकांकडून बांधून घेतली होती. बारा गुट्या आतल्या रांगांमधल्या झाडांच्या, जिथं ठिबक नीट चालतं. बारा बांधाकडच्या शेवटच्या दोन रांगांतल्या. तिकडं जमीन मुरमाड, आणि ठिबकच्या नळीच्या, लॅटरलच्या, शेपटाला प्रेशर पोचत नाही म्हणून ती झाडं लावल्यापासून अर्धपोटी. दोन्हीकडची लागवड मात्र एकाच वर्षाची, एकाच रोपवाटिकेतली.

गुटी म्हणजे त्याच झाडाची फांदी. फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, मुळ्या फुटल्या की कापून पिशवीत लावायची. बी नाही, परागकण नाही, त्यामुळे जनुकांची भेसळ नाही. मग अर्धपोटी आईची गुटी आणि भरल्या पोटाच्या आईची गुटी पाणी तोडल्यावर सारखीच वागायला हवी. वागतात का, हा प्रकल्प.

काकांना हे सांगितलं तर हसले. "त्यात काय तपासायचं पोरी? बांधाकडची गुटी लवकर मान टाकत न्हाई. आमच्या गड्याला बी म्हाईतीय." प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "गड्याला विचार, किती दिवसांनी उशिरा टाकते." विचारलं. "दोन-चार दिस." हा आपला पहिला आकडा.

२९ जानेवारी

गच्चीवर मांडणी झाली. पोयटा, वाळू, शेणखत, सगळ्या पिशव्यांत एकाच ढिगातलं. रात्री भरपूर पाणी देऊन निथळू दिलं, सकाळी वजन केलं. ते वजन म्हणजे शंभर टक्के. माती भट्टीत वाळवून तिचं कोरडं वजनही काढलंय, म्हणजे मधल्या पाण्याचा हिशेब लागतो. वजनकाटा प्रकल्पातल्या जोडीदारिणीच्या वडिलांच्या दुकानातला, कांदे-बटाट्याचा. दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो, पुरे.

मातीतून उडणारं पाणी मोजायचं नाही, पानांतून जाणारं मोजायचं. म्हणून प्रत्येक पिशवीच्या तोंडावर प्लास्टिक, खोडाभोवती सुतळीने बांधून. काळ्या पिशव्या उन्हात तापतात, त्यांना गोणपाट गुंडाळलं. पाणी तोडायचा प्रयोग असताना मुळ्या शिजून झाड गेलं तर उपयोग काय.

सुतळीच्या खुणा: आतल्या रांगांची रोपं हिरवी, बांधाकडची लाल. दोन्हींतली सहा-सहा पाण्यावर, सहा-सहा ताणावर.

८ फेब्रुवारी

आठवडाभर वाचन. मॅडम म्हणाल्या, प्रस्तावनेत "दुष्काळ ही जागतिक समस्या आहे" असलं वाक्य दिसलं तर पान फाडीन. सोलापुरात बसून ते वाक्य लिहायची गरजही नाही. इथं सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहर लागेल तसा.

त्याऐवजी "ताण" या शब्दापासून सुरुवात केली. आमच्या विषयात तो ताण म्हणजे रोग्याला झालेल्या आजारासारखा, वाईटच. काकांच्या तोंडी तो हत्यार आहे. डाळिंबाचे तीन बहार, आंबे, मृग आणि हस्त. जो धरायचा त्याच्या आधी पाणी तोडायचं, हलक्या रानात कमी दिवस, भारी काळ्या रानात जास्त. पानं पिवळी पडायला लागली की इथरेल फवारून पानगळ, मग छाटणी, खत, आणि पाणी सोडलं की फुटव्याबरोबर कळी. झाडाला घाबरवून फळ काढायची ही रीत. किती घाबरवायचं याचा अंदाज चुकला की झाडच बसतं.

आता आतलं गणित. पानातलं पाणी उतरलं, पेशी ढिल्या पडल्या की एनसीईडी नावाचं जनुक जागं होतं. त्यापासून जे एन्झाइम बनतं ते पानातल्या पिवळ्या रंगद्रव्याला, म्हणजे गाजराच्या केशरी रंगाच्या भाऊबंदाला, एका ठरावीक जागी तोडतं. त्या तुकड्यापासून पुढे दोन-तीन पायऱ्यांनी ॲब्सिसिक आम्ल, म्हणजे एबीए, तयार होतं. हा झाडाचा तहानेचा निरोप.

निरोप घेणारा कोण, हे बरीच वर्षं सापडत नव्हतं. २००९ मध्ये दोन वेगळ्या गटांना तो एकाच सुमारास सापडला. हे ग्राहक प्रथिन एबीएला पोटात घेतं, झाकण लावतं आणि त्या अवस्थेत पीपी२सी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. पीपी२सी म्हणजे दावं. एरवी ते स्नर्क२ नावाच्या कायनेज एन्झाइमला बांधून ठेवतं. दावं सुटलं की स्नर्क२ मोकळं, आणि मग ते दोन ठिकाणी धावतं. एक, पर्णरंध्राच्या दोन रक्षक पेशींत. तिथली स्लॅक१ ही वाट उघडते, क्षारांचे कण बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जातं, फुगलेल्या पेशी पडतात आणि रंध्र मिटतं. दोन, केंद्रकात. तिथं जनुकांची दुसरी फळी उठते. लीया आणि डिहायड्रिन ही प्रथिनं बनतात. पेशी सुकताना इतर प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत आणि पडदे फाटू नयेत, हे ती सांभाळतात.

एबीएच्या नावाची गंमत लिहून ठेवते. १९६०च्या दशकात हे रसायन शोधणारे एक अमेरिकन शास्त्रज्ञ कापसाची बोंडं का गळतात ते शोधत होते, आणि इंग्लंड-वेल्सकडचे शास्त्रज्ञ झाडं झोपी का जातात ते. नावात "गळणं" आलं ते कापसामुळे. प्रत्यक्षात पान गळवायचं मुख्य काम इथिलीनचं. काका फवारतात ते इथरेल झाडात जाऊन इथिलीनच सोडतं. काकांनी नावाला न फसता बरोबर बाटली उचललेली.

१३ फेब्रुवारी

मॅडमची शंका: आतली आणि बांधाकडची झाडं खरंच एकच क्लोन, म्हणजे एकाच झाडाच्या हुबेहूब नकला, कशावरून? रोपवाटिकेत दोन मातृवृक्षांच्या गुट्या मिसळल्या असतील तर? शंका रास्त आहे आणि मला सुचली नव्हती याचा राग आला.

विभागाच्या फ्रिजमध्ये जुने रॅपड प्रायमर होते, म्हणजे डीएनएचे ठसे जुळवून बघायला लागणारे बारके तुकडे. आठ चालवले. सगळ्या चोवीस रोपांचे पट्टे सारखे. हा पुरावा कच्चाच, एखादा बारीक बदल यात निसटेल. पण वेगळ्या झाडांची भेसळ असती तर कुठंतरी दिसली असती. पुढे जायला हरकत नाही असं ठरलं.

२० फेब्रुवारी

ताणाच्या बारा पिशव्यांचं पाणी तोडलं. चाळीस टक्क्यांवर आल्या की तिथंच धरायच्या, रोज संध्याकाळी वजन करून जितकं कमी तितकं घालायचं. पाण्यावरच्या पिशव्या ऐंशीला.

२ मार्च

चाळीसला पोचल्या. हिरव्या सुतळीच्या दोन रोपांची शेंड्याकडची पानं दुपारी लोंबली, संध्याकाळी परत उभी. लाल सुतळीची सहाही तशीच उभी. जोडीदारीण लगेच म्हणाली, "बघ की, काकाचा गडी बरोबर होता." तिला म्हटलं, थांब.

पानांतल्या पाण्याचं माप घेतलं. दहा पानं तोडून लगेच तोलली, ०.८४ ग्रॅम. पाण्यात बुडवून अंधारात ठेवली, फुगल्यावर १.०२. भट्टीत वाळवल्यावर ०.३८. म्हणजे फुगल्यावर मावणारं पाणी ०.६४, होतं ०.४६. बाहत्तर टक्के. हे हिरव्यातलं. लालमधल्या पानांचं ऐंशीच्या जवळ आलं. पण लाल रोपांची पानं बारकी आणि जाड आहेत, हेही वहीत शेजारीच लिहिलं.

रंध्रांसाठी नेलपॉलिशची युक्ती. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, वाळला की चिकटपट्टीने उचलून काचेवर. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रंध्र दिसतं, भात भिजल्यावर दोन शितं एकमेकांना चिकटावीत तसं. सकाळी दहाला पाण्यावरच्या रोपांत मधे काळी फट होती, ताणावरच्यांत बहुतेक मिटलेली. एबीए वाचून समजतो त्यापेक्षा इथं लवकर समजला.

५ मार्च

वाया गेलेला दिवस, तरी सविस्तर लिहिते, पुढच्या बॅचला उपयोग होईल.

कोणतं जनुक चालू आहे ते आरएनएवरून कळतं. तो काढायला पान तोडताक्षणी गोठवावं लागतं, नाहीतर तोडल्याच्या धक्क्यानेच जनुकं बदलतात. द्रव नायट्रोजन आमच्याकडे नाही. तो मिळाला जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात, जिथं वळूच्या वीर्याच्या कांड्या त्याच्यात ठेवतात. थर्मासचं झाकण सैल ठेवून, पायांत धरून रिक्षातून आणला. रिक्षावाल्याने वाफ बघून विचारलं, "काय नेलालाव मॅडम, बॉम्ब हाय का?"

पानं गोठवली, खलात कुटली, बाजारातला किट वापरला. गाळणी तुंबली. दुसऱ्या नमुन्यात गोळा मिळाला तो चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. डाळिंब लोखंडी सुरीने कापलं की बोटं काळी पडतात, सालीने कातडी कमावतात आणि कापड रंगवतात, ते सगळं टॅनिन पानातही आहेच. पेशी फुटली की ते ऑक्सिडाइझ होतं आणि आरएनएला घट्ट धरून बसतं. डाळिंबाच्या गावात राहून हे आधी न सुचणं म्हणजे कमाल.

१० मार्च

किट बाजूला ठेवून जुनी सीटॅब पद्धत, साबणासारख्या रसायनाने पेशी फोडायची. टॅनिन धरून ठेवायला पीव्हीपी, ऑक्सिडेशन थांबवायला मर्कॅप्टोइथेनॉल. त्याच्या वासाने मजल्यावरचे सगळे खिडक्या उघडून बसले. लिथियम क्लोराइडने रात्रभर साका पाडला. सकाळी पांढरा गोळा! जेलवर दोन स्वच्छ पट्टे, वरचा खालच्यापेक्षा जाड. असंच हवं. आमच्याकडे उणे ऐंशीचा फ्रीझर नाही, म्हणून त्याच दिवशी सगळ्याचा सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनएतली नक्कल, करून ठेवला. तो उणे वीसमध्ये टिकतो.

१९ मार्च

रंगपंचमी. कॉलेजला सुट्टी, पण वजनं करायला दुपारी चारला आले. जिन्यावरच गुलाबी पाणी वाहत होतं.

गच्चीवर टाकीपाशी पोरांनी खेळून घेतलेलं. बादल्या, पिचकाऱ्या, फुटलेले फुगे. पिशव्यांवरचं प्लास्टिक मातीतून पाणी उडू नये म्हणून होतं, ते नरसाळ्यासारखं झालं. वर साचलेलं रंगाचं पाणी खोडाच्या कडेने सगळं आत. ताणावरच्या बाराही पिशव्या नव्वदच्या वर. एका रोपाच्या शेंड्याला कुणीतरी हिरवा रंग चोपडलेला.

शिपाई मामा म्हणाले, "मी सांगितलो होतो की ओ त्यांना, झाडांकडं जाऊ नका म्हणून." मग जरा थांबून, "पण झाडं खूश दिसलालीत." खरंच दिसत होती. सतरा दिवस चाळीसवर धरलेली रोपं टवटवीत, आणि मी जिन्यात बसून रडले. तासभर वहीला हात लावला नाही.

२० मार्च

मॅडमकडे गेले ते प्रकल्प बंद करायची परवानगी मागायला. त्यांनी वही चाळली आणि विचारलं, "काका बहाराच्या वेळी काय करतात? ताण देतात, पाणी देतात. पुढच्या वर्षी पुन्हा ताण. मग तुझ्या झाडांना एकदाच ताण का?"

पहिल्या ताणाचा सीडीएनए आपल्याकडे आहेच. आता पाणी पुन्हा तोडायचं. दुसऱ्यांदा चाळीसला आल्यावर तेच नमुने पुन्हा घ्यायचे. प्रश्न बदलला: पहिला ताण झाडाला आठवतो का, आणि लाल रोपांना जास्त आठवतो का.

प्लास्टिकला आता खोडाकडे उंच कॉलर केली आहे. टाकीपाशी दोरी बांधली.

२८ मार्च

पिशव्या २५ तारखेलाच चाळीसला आल्या. या वेळी सहा दिवस, पहिल्यांदा दहा लागले होते. ऊन चढलंय, त्यामुळे दिवसांची तुलना सरळ करता येत नाही.

आठवणीचं वाचन, जरा रेंगाळून. अराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं बारकं रोप, जनुकांचे बहुतेक प्रयोग त्याच्यावर होतात. २०१२च्या एका कामात त्याला आळीपाळीने सुकवलं आणि भिजवलं. आधी ताण खाल्लेली रोपं पुढच्या वेळी पाणी हळू गमावत होती. काही जनुकं, उदाहरणार्थ आरडी२९बी, दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा किती तरी जोरात बोलत होती. काही मात्र दर वेळी तितकीच, जणू पहिल्यांदाच घडतंय. फरक जनुकाच्या अक्षरांत नव्हता. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर खुणा राहिल्या होत्या, आणि वाचणारं एन्झाइम जनुकाच्या तोंडाशी थबकून उभं होतं. पाणी मिळाल्यावर पाच दिवस ही आठवण टिकली, सातव्या दिवसापर्यंत गेली.

म्हणजे रंगपंचमीचं पाणी आणि दुसरा ताण यांच्यातलं आमचं अंतर नेमकं या पट्ट्यात पडतंय. ठरवून केलं असतं तर याहून बरं जमलं नसतं, पण पोरांना हे सांगणार नाही.

मात्र पाच दिवसांची आठवण आणि आईकडून गुटीत आलेली आठवण यांत फार अंतर आहे. दुसऱ्यासाठी खूण पेशी दुभंगताना उतरत जायला हवी. डीएनएवरची मिथाइल खूण तशी उतरते, आणि गुटीत बी नसल्याने ती पुसली जायची पायरीच येत नाही. पॉपलर हे जनुकसंच वाचलं गेलेलं पहिलं झाड, २००६ साली, पंचेचाळीस हजारांच्या आसपास जनुकं. त्याच्याच क्लोनवर टोरंटोच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या ठिकाणी वाढलेल्या आयांच्या कलमांना एकाच जागी आणून एकसारखा ताण दिला तरी त्यांची जनुकं वेगवेगळी उत्तरं देऊ शकतात. काकांच्या गड्याची गोष्ट तीच.

३१ मार्च

काल पाडवा. गुढीला कडुनिंबाचा डहाळा आणायला गेले तर सगळीकडे कोवळी तांबूस पालवी. पाऊस दोन महिने लांब, ऊन चाळिशीला टेकलेलं, आणि हे झाड आत्ता नवी पानं काढतंय. माझी डाळिंबं रंध्रं मिटून जीव धरून बसलीत. निंबाची मुळं खोल, खोडात साठा, हे पुस्तकी उत्तर ठाऊक आहे. बेंगळुरूच्या गटाने २०१२ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला. पुढच्या जन्मी प्रकल्प निंबावर.

९ एप्रिल

दुसऱ्या ताणाची वजनं जमली. चाळीस टक्क्यांवर धरलेल्या हिरव्या रोपाला रोज सरासरी १४० ग्रॅम पाणी परत घालावं लागतं, लालला १००. सहाही लाल हिरव्यांपेक्षा कमी पितात. जोडीदारिणीने आलेख काढला, इतका सुंदर की भिंतीवर लावावा.

संध्याकाळी मॅडमनी एकच प्रश्न विचारला. पानं मोजली का?

१० एप्रिल

पानं मोजली. चार जण, आलेखकागद, शिसपेन्सिल. प्रत्येक पान न तोडता मागे कागद धरून गिरवायचं आणि चौकटी मोजायच्या. दिवस गेला, मान गेली. हिरव्या रोपावर सरासरी १,९०० चौरस सेंटिमीटर पानं, लालवर १,४००.

भागाकार केला. शंभर चौरस सेंटिमीटर पानामागे हिरव्यात ७.४ ग्रॅम, लालमध्ये ७.१. आमच्या वजनकाट्याच्या चुकीतच हा फरक बुडतो.

म्हणजे लाल रोपं रंध्रं जास्त हुशारीने मिटतात असं नाहीच. त्यांनी मुळात पसाराच कमी मांडलाय. बारकी, जाड, थोडी पानं. २ मार्चला वहीत शेजारी लिहिलेलं वाक्य आज मुख्य ठरलं. आधी वाईट वाटलं, मग वाटलं, गडी "मान टाकत न्हाई" म्हणाला होता, "रंध्र मिटतं" म्हणाला नव्हता. त्याचं निरीक्षण खोटं ठरलेलं नाही, त्याला आम्ही लावलेलं कारण लंगडं निघालं.

आणि पसारा कमी मांडणं हीसुद्धा जनुकांचीच करणी, फक्त ती ताणाच्या दिवशी होत नाही, कळी फुटते तेव्हा होते. याचे प्रायमर आमच्याकडे नाहीत.

१७ एप्रिल

दुसऱ्या ताणाच्या नमुन्यांचा आरएनए ११ तारखेला काढला होता. रिअल-टाइम यंत्र नाही, साधा पीसीआर करून, म्हणजे हव्या तुकड्याच्या चक्राचक्राने नकला वाढवून, जेलवर पट्ट्यांची जाडी बघायची. डाळिंबाचा जनुकसंच २०१७ मध्ये चीनमधल्या गटांनी प्रसिद्ध केला, त्यातून एनसीईडी, एक डिहायड्रिन, एक डीआरईबी (ताणात इतर जनुकांना उठवणारं जनुक) आणि तुलनेसाठी ॲक्टिन, असे चार प्रायमर आम्ही काढले होते.

ॲक्टिन सगळ्यांत सारखं यायला हवं. नाही आलं. लालच्या दोन नमुन्यांत फिकं. सगळं परत. एका दिवसाची नोंद इतकीच पुरे.

२४ एप्रिल

सीडीएनए मोजून सारखा केला. ॲक्टिनचे पट्टे आता एका ओळीत, सारखे. चक्रं अठ्ठावीसवर थांबवली. त्यापुढे गेलं की सगळेच पट्टे भरून सारखे दिसतात.

एनसीईडी: पाण्यावरच्या रोपांत जेमतेम सावली, ताणावरच्यांत ठळक. पहिल्या आणि दुसऱ्या ताणात, हिरव्यात आणि लालमध्ये, डोळ्याला फरक नाही. तहानेचा निरोप दर वेळी नव्यानेच जातोय.

डिहायड्रिन: इथं मात्र थांबले. दुसऱ्या ताणात पट्टा पहिल्यापेक्षा जाड, दोन्ही रंगांत. लालच्या तीन नमुन्यांपैकी दोनमध्ये सगळ्यात जाड. तिसरा हिरव्यांसारखाच. तीनातले दोन म्हणजे काहीच नाही, असं मॅडम म्हणाल्या, आणि मग जेलचा फोटो दुसऱ्यांदा मागून घेतला.

डीआरईबी: कुठंच नीट नाही. हे जनुक ताण लागल्यावर लवकर उठतं आणि बसतं, आम्ही फार उशिरा पान तोडलं. याच्या वाचनातली एक गोष्ट प्रबंधात घालतेय. जपानमधल्या गटाने १९९९ मध्ये अराबिडॉप्सिसमध्ये या घराण्यातलं एक जनुक कायम चालू ठेवलं. रोपं सुकण्याला भारी पडली, पण खुजी राहिली. तेच जनुक ताण लागल्यावरच चालू होईल असं केलं तेव्हा वाढ बरीच सुधारली. "अमुक जनुक घाला, दुष्काळ पळेल" असं कुणी म्हणालं की ते खुजं रोप आठवावं. काका बागेला बारमाही ताण देत नाहीत ते उगीच नाही.

६ मे

तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी रंगपंचमीची नोंद वाचून विचारलं, हे खरं घडलं की नंतर रचलं? वही पुढे केली. १९ तारखेच्या पानावर अजून गुलाबी बोटांचे ठसे आहेत.

१८ मे

सांगोला. काका मृग बहार धरतायत, बाग ताणावर. सकाळीच मोटारीने हवा धरली होती. फूटव्हॉल्व्ह गळत होता, पाइपातलं पाणी खाली उतरलं, मोटार नुसतीच घुमत होती. वरून बादलीने पाणी ओतून पाइप भरला तेव्हा कुठं धार लागली.

तिथंच बसून काकांना सांगितलं की झाडातही हेच होतं. पानं वरून ओढतात, खाली पाणी नाही, खोडातल्या नळीतला पाण्याचा धागा ताणून ताणून तुटतो आणि हवेचा बुडबुडा बसतो. २०१२ मध्ये जगभरातल्या ८१ ठिकाणच्या वनवृक्षांच्या २२६ जातींची तुलना झाली, त्यात सुमारे सत्तर टक्के जाती या हवा धरण्याच्या अगदी काठावर जगताना दिसली, ओल्या प्रदेशांतली आणि कोरड्या प्रदेशांतलीही. रंध्रं मिटायची ती मुख्यतः यासाठीच.

काकांनी विचारलं, "मग झाडाला वरून बादली कोण वततं?"

याचं उत्तर मला नीट देता आलं नाही. काही झाडांत मुळांचा दाब रात्री थोडं भरून काढतो, बाकी नवं लाकूड येऊन नव्या नळ्या होतात, एवढं सांगितलं. काका म्हणाले, "म्हंजी जुनी लाइन सोडून नवी टाकायची."

मग त्यांनी खरा प्रश्न काढला. यंदा दोन एकर वाढवायचंय, गुट्या बांधाकडच्या झाडांच्या बांधू का? मी म्हटलं, पाणी कमी पितील, पण पानंही कमी असतील, फळ किती धरेल ते मला माहीत नाही. आणि बांधाकडच्या दोन झाडांवर तेल्या रोगाचे डाग दिसतायत, त्यांच्या तर अजिबात नको, गुटीबरोबर रोग येईल. "एवढं शिकून अर्धंच सांगितलंस," म्हणाले, पण डाग असलेल्या झाडांना लगेच चुन्याचे पट्टे मारायला गडी पाठवला.

२४ मे

परवापासून वळवाचा पाऊस. चोवीसपैकी बावीस रोपं जगली. हिरव्यातलं एक ताणात गेलं, लालमधलं एक शेळीने खाल्लं.

आज काकांच्या नव्या तुकड्यात लावली, एक हिरवी एक लाल अशा क्रमाने. सुतळ्या कुजतील म्हणून खुणेला पत्र्याच्या चकत्या ठोकल्या, खिळ्याने नंबर पाडून. पानं मोजायची वेळ ठरवली, हस्तात. आलेखकागदाचं नवं पॅड काकांच्या कपाटात ठेवून आले, काकूंनी वर शेंगाच्या चटणीचा डबा ठेवला म्हणून एका कोपऱ्याला तेल लागलंय.